तालमीतला एक तास

आमच्या गल्लीत एक तालीम आहे. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत असते तशीच. दारात मारुती, आत लाल मातीचा हौदा, भिंतीशी उभी केलेली मुद्गलं, आणि हौद्याच्या पलीकडं फरशी घातलेली लांब खोली. गल्लीनं वर्गणी काढून बांधली, असं माझे सासरे सांगायचे. वर्गणी घरटी होती. म्हणजे ज्या घरात चार मुलीच होत्या त्या घरानंही ती दिली. आज पहाटे पाच-सहा पोरं येतात, संध्याकाळी दहा-बारा. मधल्या वेळेला कुलूप.

माझी मागणी त्या कुलपाच्या वेळेतल्या एका तासाची आहे. दुपारी साडेतीन ते साडेचार, फरशीची खोली, एक स्पीकर आणि गल्लीतल्या बायका-मुली. गाणं लावून, घोळक्यानं, तालावर करायचा व्यायाम. त्याला कुणी झुंबा म्हणतं, कुणी एरोबिक्स. आमच्या शेजारच्या आक्का ‘ते उड्यांचं’ म्हणतात. हे मी पंचांपुढं मांडलं तेव्हा एक जण म्हणाले, “वैनी, तालमीत नाच?” आणि सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण व्यायाम एकीकडं आणि नाच दुसरीकडं, ही जी वाटणी त्या दोन शब्दांत आहे ती मला मान्य नाही.

तालीम हा शब्द अरबी, शिक्षण असा त्याचा अर्थ. लेझीम फारसीतून आली. मुळात ती लोखंडी साखळी लावलेली कमान, धनुष्य ओढायचा सराव व्हावा म्हणून केलेली. पैलवानांनी ती उचलली, साखळीत चकत्या बसल्या, सोबतीला हलगी आली आणि दंड कमवायचं हत्यार ठेक्यावर नाचायला लागलं. तालमीत नाच शिरून कितीतरी पिढ्या झाल्या आहेत! शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी रात्रभर जागून पाहिली आहे त्यांना मी हे सांगायला नको. चार आवाज, आठ आवाज, बेटक, पवित्रा असे लेझमीचे प्रकार करत जाणारी पोरं तासन्‌तास गुडघ्यात बसतात आणि उठतात. त्याला आपण मर्दानी खेळ म्हणतो. तेच उठणं-बसणं बाईनं गाणं लावून केलं की त्याला नाच म्हणतो, आणि ‘नाच’ म्हणताना आवाज जरा खाली येतो.

बायकांचा म्हणून जो व्यायाम होता तोही नाचाचाच होता. झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा. उकिडवं बसून एकेक पाय पुढं फेकत घालायची बसफुगडी ज्यांना पोरखेळ वाटते त्यांनी ती एक मिनिट घालून बघावी, मांड्या दुसऱ्या दिवशी सांगतील. दोघींच्या फुगडीत हातांना तिढा घालून अंग मागं झोकायचं असतं आणि एकमेकींच्या वजनावर गरगरायचं असतं. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात. तोल सांभाळायला शिकवणारा याहून चांगला खेळ मला ठाऊक नाही, आणि म्हातारपणी बायकांची खुब्याची हाडं मोडतात ती बहुधा तोल जाऊनच. पण हे खेळ वर्षातून किती दिवस? श्रावणातले मंगळवार, गौरी जागवायची रात्र, हादगा. बाकी वर्ष जात्यावर, विहिरीवर आणि रानात अंग मोडत होतं, म्हणून सणाची फुगडी पुरत होती. आता दळण गिरणीत जातं आणि पाणी नळाला येतं, भले चार दिवसांनी येईना का. कष्ट गेले याचं मला बिलकुल दुःख नाही. आमच्या आज्यांना कुठं झुंबा लागला, असं विचारणाऱ्यांनी त्या आज्या किती बाळंतपणांतून वाचल्या आणि पन्नाशीत किती वाकल्या हेही जरा आठवावं.

आणि त्या जुन्या खेळात सगळ्या नव्हत्या. मंगळागौर नव्या सवाष्णीची. हळदीकुंकवाला जिला बोलावणं नाही ती फुगडीलाही नाही. माझी एक आत्ते अठ्ठाविसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं माहेरी आली. गौरीच्या रात्री ती उंबऱ्याच्या आत बसून बाहेरचा झिम्मा बघायची. तिचे पाय बसल्या जागी ताल धरायचे, हे मी लहानपणी पाहिलं आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला पहिल्यांदा आत्तेचे पाय आठवले. व्यायामाच्या वर्गात कपाळाकडं कुणी बघत नाही. दुसऱ्या रांगेत जागा आहे का, एवढंच बघतात. जुन्या खेळांचे गोडवे गाऊन झुंब्याला नाक मुरडणाऱ्यांशी माझं मुख्य भांडण इथं आहे.

आता आकड्यांकडं येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात की मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही करावं. ५ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं लागतात. आपण कुठं आहोत? २०२२ सालच्या स्थितीचा जो जागतिक अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात भारतातल्या ५७ टक्के प्रौढ बायका या मापाला पोचत नव्हत्या. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. मध्यम जोर म्हणजे किती, हे ओळखायची खूण सोपी आहे: करताना बोलता येतं, पण गाता येत नाही.

ही खूण कळली की ‘घरकाम होतंय की दिवसभर’ याचं उत्तर मिळतं. घरकाम मोजतात, मोजायलाच पाहिजे. अंगण झाडणं, बादल्या उचलून वरच्या मजल्यावर नेणं ही हालचाल आहेच. पण ओट्यासमोर तीन तास उभं राहून भाकऱ्या थापणारी बाई गाऊ शकते, आणि गातेही. तिचे खांदे आणि कंबर दुखून येतात, छातीची धडधड मात्र वाढत नाही. थकवा आणि व्यायाम यांत फरक आहे. निपाणीची विडी कामगार बाई याचं ठळक उदाहरण. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, मान खाली, बोटं सतत चाललेली. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून उठायचं नाही. संध्याकाळी तिचं अंग मोडून आलेलं असतं आणि तरी दिवसभरात तिचे पाय जवळजवळ चाललेलेच नसतात. खोलीभर उडणारी तंबाखूची भुकटी श्वासातून आत जाते ती वेगळीच. वडगाव-खासबागला कापडाच्या मागावर काम करणाऱ्या बाईचं उलटं: ती उभी असते, पण एका जागी.

एक गोष्ट इथं कबूल करते. खानापूरकडं जी बाई रोपलावणीला दिवसभर गुडघाभर चिखलात वाकते, तिला संध्याकाळी उड्या मारायला बोलावणं ही थट्टा होईल. तिला विसावा हवा, आणि पोटभर जेवण. माझं म्हणणं शहरातल्या, शहराला लागलेल्या गावांतल्या आणि बसून काम करणाऱ्या बायकांबद्दल आहे.

मग चालायला जा की, असंही सांगतात. जातात ना. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे बायका दिसतात, त्यातल्या पुष्कळ जणींच्या घरासमोर गाडी उभी असते. वडगावातून, अनगोळातून पहाटे पाचला एकटीनं निघायचं तर अंधार आहे, कुत्री आहेत आणि ‘कुठं निघाली गे ही?’ विचारणारे कट्टे आहेत. वर आपला पाऊस. मिरगाला जो सुरू होतो तो गौरी-गणपतीपर्यंत सुटी घेत नाही. चार महिने चालण्याचा नेम मोडला की दिवाळीनंतर तो पुन्हा धरायला माणूस फार खंबीर लागतं. मी तेवढी खंबीर नाही. छप्पर हवं, ते यासाठी.

पण छपराखाली योगासनं का नकोत, सूर्यनमस्कार का नकोत, नाचच का? माझा अनुभव आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही सात जणींनी एकीच्या गच्चीवर सुरुवात केली. त्याआधी मी तीनदा योगासनं धरली होती आणि तीनदा सोडली होती. गच्चीवर मात्र मी जात राहिले, आणि त्याचं कारण इच्छाशक्ती नव्हती. गाणं सुरू झालं की पाय आधी हलतात, मन मागून येतं. शेजारची उजवीकडं गेली की आपणही जातो, चुकून डावीकडं गेलो तर टक्कर होते आणि हसू येतं. आणि एक दिवस नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी पायरीवरूनच हाक येते, “आक्का, काल कुठं होतीस गे?” डॉक्टरच्या कागदाला ही ताकद नाही.

याला निव्वळ भावना म्हणू नये. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना घेऊन एक प्रयोग केला होता, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलं एकाच तालावर एकसारखी नाचली, काही आपापली वेगळी. आधी आणि नंतर त्यांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा लावून तो किती आवळेपर्यंत सोसतो हे पाहिलं. जोरात हालचाल केल्यानं सोसायची ताकद वाढली, आणि एकसारखं नाचल्यानं ती स्वतंत्रपणे वाढली. सोबत नाचलेल्यांबद्दलची जवळीकही वाढली. बसफुगडी घालणाऱ्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणेल, यात नवं काय सांगितलं? बरोबर आहे. पण पंचांना सांगायला कागद लागतो.

मुलींच्या बाबतीत स्वीडनचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. १३ ते १८ वयाच्या ११२ मुली, सतत थकवा, उदासी, डोकं दुखतं, पोट दुखतं अशा तक्रारी घेऊन शाळेतल्या परिचारिकेकडं येणाऱ्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले आणि एका गटाला आठ महिने आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटांचा नाचाचा वर्ग दिला. त्या वर्गात कार्यक्रम बसवायचा नव्हता, परीक्षा नव्हती, हालचालीचा आनंद एवढाच हेतू. त्या मुलींना स्वतःची तब्येत आधीपेक्षा बरी वाटू लागली, आणि वर्ग संपून वर्ष उलटलं तरी तो फरक टिकून होता. स्वीडनच्या मुली वेगळ्या आणि आपल्या वेगळ्या, हे खरंच. पण पोट दुखतं म्हणून पीटीच्या तासाला वर्गात डोकं टेकून बसलेली आठवीतली मुलगी मी तीस वर्षं शिक्षिका म्हणून पाहिली आहे. तिच्या पोटात काय दुखत होतं हे मी तेव्हा नीट विचारलं नाही.

आपल्याकडं मुलगी पाचवी-सहावीपर्यंत गल्लीत लगोरी खेळते. पाळी आली की तिचं खेळणं थांबतं. कुणी मनाई करत नाही, नुसतं ‘आता मोठी झालीस’ म्हणतात. दहावीला पीटीचा तास गणिताकडं जातो. जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींचा २०१६ चा अंदाज पाहिला तर ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करत नव्हत्या, मुलग्यांत ७८ टक्के. दोघांचीही अवस्था वाईटच, पण ज्या वयात हाडं भरतात त्याच वयात मुलींना बसवायचं आणि चाळिशीनंतर कॅल्शियमच्या गोळ्या द्यायच्या, हा उलटा व्यवहार आहे. हाडाला वजन पडलेलं, पाय आपटलेला कळतो. उडी मारली की ते भरतं.

याचा अर्थ कुणीही स्पीकर लावून उड्या मारायला लावाव्यात असा नाही. गच्चीवरचा वर्ग पावसानं बंद पडल्यावर मी एका भाड्याच्या हॉलमधल्या वर्गाला गेले, महिन्याला हजार रुपये भरून. गुळगुळीत टाइल्स, शिकवणारा पंचविशीचा मुलगा, पहिल्याच आठवड्यात उड्यांवर उड्या. माझा उजवा गुडघा लिंबाएवढा सुजला आणि तीन आठवडे मी जिना चढताना कठडा धरत होते. पहिला महिना एक पाय नेहमी जमिनीवर ठेवूनच करायचा असतो, आधी दहा मिनिटं अंग तापवायचं असतं आणि शेवटी हळूहळू थंड करायचं असतं, हे मला नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं. बूट हवेत, अनवाणी फरशीवर नको. आणि निव्वळ नाचून सगळं होत नाही. दंडाला, पाठीला ताकद यायला वजन उचलावं लागतं. त्याला वाळू भरलेली लिटरची बाटली चालते, आणि तालमीत तर मुद्गलंच आहेत, लहान घ्यावीत.

दोन गोष्टी बायका कुजबुजत बोलतात, त्या मोकळेपणानं लिहिते. बाळंतपणं झालेल्या बायकांना उडी मारताना लघवीचे थेंब जातात. गच्चीवर पहिल्या आठवड्यात दोघी मागच्या रांगेत उभ्या राहून उड्या टाळायच्या, तिसरी यायचीच बंद झाली. कारण कळायला महिना लागला. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम असतो, त्यानं पुष्कळ जणींना फरक पडतो, आणि नाही पडला तर डॉक्टरना दाखवायचं असतं. त्यासाठी घरी बसायचं नसतं. दुसरं रक्ताचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आपल्या कर्नाटकात जवळपास ४८ टक्के. दोन गाण्यांत जिला धाप लागते तिला आळशी म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघावं. मला वाटतं, असा वर्ग चालला तर रक्तक्षय उघडा पडायलाच जास्त मदत होईल. घरात दमलेल्या बाईकडं कोण बघतं?

आता पंचांचे आक्षेप. मारुती ब्रह्मचारी, त्याच्यापुढं बायका नकोत. मला यावर वाद घालायचा नाही. हौद्यात आम्ही उतरणार नाही, ती माती पैलवानांची आहे आणि तिचा मान आम्हाला कळतो. फरशीच्या खोलीला बोळातून वेगळं दार आहे. पण एक आठवण करून देते: २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिकनं कुस्तीत कांस्यपदक आणलं. तीही मातीचा मान राखूनच वाढली असणार.

दुसरा आक्षेप गाण्यांचा: कसली कसली गाणी लावतात. हे मला अर्धं पटतं. काही गाण्यांवर मलाच लाज वाटते. मग गाणी आम्ही निवडू. हलगीवर चालेल, कोळीगीतावर चालेल, आणि आमच्यातली एक कोलाटाच्या टिपऱ्या आणते, तिचा कन्नड ठेका तर फार सुरेख आहे. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेपुढं कोणती गाणी लागतात याची चौकशी मात्र तेवढ्याच तळमळीनं व्हावी, एवढं म्हणते आणि पुढं जाते.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोललं नाही, पण तोच खरा आहे: बघणारे. मोबाईल निघतो, व्हिडिओ जातो, मग घरातून बंदी येते, मुलीवर आधी. यावर उपाय भाषणानं होत नाही. दार आतून बंद, मोबाईल दाराबाहेरच्या टोपलीत, शिकवायला बाई. खिडकीला खालच्या अर्ध्या भागात कागद. घरच्या कुणाला एकदा यायचं असेल तर सासूनं यावं, आणि आल्यावर तिनंही दोन पावलं टाकावीत. आमच्या गच्चीवर दोघी सासवा बघायला म्हणून आल्या होत्या, त्यातली एक अजून विचारते, वर्ग परत कधी?

‘आपलं नाही ते’ हा चौथा. झुंबा कोलंबियाचा, एका शिक्षकाच्या हातून घडला. वर्गाला येताना तो व्यायामाचं नेहमीचं संगीत विसरला आणि पिशवीत सापडलेल्या नाचाच्या टेपा त्यानं लावल्या, अशी त्याची जन्मकथा सांगतात. विसराळूपणातून झालेली वस्तू आहे, तिच्यावर कुणाचा एवढा हक्क नको. लेझीम आपली झाली तशी हीही होईल, किंवा नाही होणार. आणि ‘आपलं’ म्हणजे कुणाचं, हा प्रश्न बेळगावात विचारणाऱ्यानं जपून विचारावा. इथं १९५६ पासून पाटीवरच्या अक्षरांसाठी लोक रस्त्यावर उतरतात. मीही उतरले आहे. गच्चीवर मोजणी मात्र फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट अशी व्हायची, चुकलं की ‘अय्यो’ निघायचं, आणि थांबा हे मराठीतच सांगितलं जायचं. यातून सीमाप्रश्न सुटत नाही, सुटेल असंही मला वाटत नाही. पण शेजारच्या गल्लीतली जी बाई मला दहा वर्षं नुसती दिसत होती, तिचं नाव मला तिथं कळलं.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट माफ झालं. माहेर, बाजार, सौंदत्तीचा डोंगर, सगळं जवळ आलं. पण बसमधून उतरून स्वतःसाठी म्हणून जायची जागा गल्लीत नाही. देऊळ आहे, तिथं देव असतो. समाजमंदिर आहे, तिथं लग्न असतं. महापालिकेच्या बागेत झोपाळे लहान मुलांचे आणि बाक म्हाताऱ्यांचे. सरकारनं काहीतरी नवं बांधावं अशी माझी मागणी नाही, तो फाईलीचा रस्ता मला ठाऊक आहे. बांधलेलं आहे त्याचं कुलूप काढा, इतकंच. बेळगावात तालमी आहेत, आनंदवाडीचा आखाडा आहे, प्रत्येक मंडळाचं सभागृह आहे, शाळांचे हॉल रविवारी रिकामे असतात. जिथं ज्याचं कुलूप असेल तिथं त्यांनी विचार करावा.

आमचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला. तेवीस सह्या आहेत, त्यातल्या चार कन्नडमध्ये, एक उर्दूत आणि दोन अंगठे. झाडलोट आमची, विजेचं बिल वाटून, साडेचारला किल्ली परत. पंचांनी अर्ज घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, “वैनी, अमावस्येच्या बैठकीत बघू.” मी घरी येऊन दिनदर्शिका पाहिली. अमावस्या सोळा दिवसांवर आहे आणि ढग आतापासूनच राजहंसगडाकडून यायला लागलेत.